‘गोदान’मधील संपत्ती आणि समाज : कर्ज, मरजाद आणि माणूस

प्रेमचंद (१८८०–१९३६) यांची ‘गोदान’ ही कादंबरी १९३६ साली प्रसिद्ध झाली. भारतीय शेतकऱ्याच्या दारिद्र्याची महागाथा, असा तिचा उल्लेख वारंवार केला जातो. तो चुकीचा नाही. मात्र अपुरा आहे. दारिद्र्य ही स्थिती आहे, आणि प्रेमचंदांना स्थितीपेक्षा क्रियेत अधिक रस होता. पैसा कोणाच्या हातून कोणाच्या हातात जातो, वाटेत तो किती झिजतो, आणि देणाऱ्याला तो द्यावासा का वाटतो, या तीन प्रश्नांभोवती कादंबरीची वीण घातलेली आहे. प्रस्तुत लेखात या दृष्टीने ‘गोदान’मधील अर्थव्यवहार आणि समाजरचना यांच्या परस्परसंबंधाचा विचार करावयाचा आहे.

कादंबरीचा काळ प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. परंतु खंड आणि कर्ज रोख रुपयांतच फेडावे लागत असल्याने शेतकऱ्यावरील भार प्रत्यक्षात वाढला. संयुक्त प्रांतात १९३०–३१ मध्ये खंडबंदीची चळवळ झाली. १९३२ साली साखरउद्योगाला संरक्षण मिळाल्यावर उत्तर भारतात साखर कारखाने झपाट्याने उभे राहिले. अवधमधील बेलारी हे खेडे, सेमरीचे जमीनदार रायसाहेब अमरपालसिंह, आणि लखनौचे बँक व्यवस्थापक व साखर कारखानदार खन्ना ही ‘गोदान’ची तीन केंद्रे या परिस्थितीतूनच आलेली आहेत. प्रेमचंदांनी १९३४–३५ मध्ये मुंबईत चित्रपटासाठी लेखन करताना गिरणी कामगारांचे जीवनही हाताळले होते. शहरातील भांडवलाचे भान त्यांच्या या अखेरच्या पूर्ण कादंबरीत ठळकपणे उमटले आहे.

होरीच्या गावात सावकार एक नाही. झिंगुरीसिंह हा धंद्याने सावकार. पण पुरोहित दातादीन, पटवारी पटेश्वरी, जमीनदाराचा कारभारी नोखेराम, दुकान चालविणारी दुलारी, मँगरू साह हे सारेच या ना त्या रीतीने देणेकऱ्यांवर हक्क सांगणारे आहेत. म्हणजे सावकारी हा येथे एका जातीचा वा एका व्यक्तीचा व्यवसाय उरलेला नसून तो गावातील सत्तेचा सामान्य धर्म झाला आहे. ज्याच्या हाती पोथी, दप्तर किंवा लाठी आहे, त्याच्या हाती व्याजही आहे.

या व्यवहाराची रीत प्रेमचंदांनी होळीच्या सोंगाच्या प्रसंगात उघड केली आहे. गोबर आणि त्याचे सोबती ठाकुराची नक्कल करतात. दहा रुपयांचा दस्तऐवज लिहून घेऊन शेतकऱ्याच्या हाती पाचच रुपये पडतात. उरलेले नजराणा, लिहिणावळ, कागद, दस्तुरी आणि व्याज यांत कापले जातात. मग शेतकरी ते पाचही रुपये ठाकुराच्या दोन्ही बायकांचा नजराणा व पानसुपारी आणि उरलेला एक खुद्द ठाकुराच्या उत्तरकार्यासाठी म्हणून परत करतो. प्रेक्षक हसतात. या हास्यात सावकारीचे गणित जितके स्पष्ट होते, तितके एखाद्या चौकशी अहवालातही क्वचितच झाले असेल. ऊस कारखान्याला घातल्यावर तर हे सोंगच प्रत्यक्षात येते. होरीला १२० रुपये मिळतात. झिंगुरीसिंह तेथेच आपले येणे कापून सुमारे २५ रुपये हाती ठेवतो, आणि तेही नोखेराम घेऊन जातो. नवा कारखाना आला, रोख पैसा आला, पण त्याची वाट जुनीच राहिली.

मात्र केवळ फसवणुकीने ही व्यवस्था टिकली असती काय? कादंबरीचे खरे मर्म या प्रश्नात आहे. दातादीनकडून घेतलेल्या ३० रुपयांचे २०० झाले, तेव्हा शहरात राहून आलेला गोबर हिशेब मांडतो आणि रास्त व्याजापलीकडे काही देण्याचे नाकारतो. दातादीन कोर्टाची भाषा बोलत नाही. तो ब्राह्मणाच्या पैशाची भीती घालतो. होरी तत्काळ नमतो. होरीची सून म्हणून न स्वीकारता येण्याजोगी ठरलेली झुनिया घरात ठेवल्याबद्दल पंचायत १०० रुपये रोख आणि ३० मण धान्य असा दंड ठोठावते, तेव्हा होरी खळ्यावरचे धान्य स्वतः वाहून नेतो आणि ८० रुपयांसाठी घर गहाण टाकतो. झुनियाचा बाप भोला गाईचे पैसे मागत येतो, आणि त्याने ‘धर्म’ असे म्हणताच होरी दारची बैलजोडी नेऊ देतो. या तिन्ही प्रसंगांत वसुलीचे खरे साधन कायदा नसून होरीच्या बोलीतील ‘मरजाद’ आहे. त्याची अब्रू हेच त्याचे मूळ तारण आहे. जमीन, घर आणि बैल ही पुढची तारणे होत.

मराठी वाचकाला हे चित्र अपरिचित वाटू नये. १८७५ साली सुप्यापासून पसरलेल्या दंग्यांत पुणे-नगर भागातील शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांकडील दस्तऐवजांवर होता, आणि त्यातून १८७९ चा दख्खनचा शेतकरी कायदा झाला. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना भटभिक्षुकी, सरकारी अंमलदार आणि सावकारी यांना एकाच साखळीत पाहिले. कागद जाळता येतो. मनातील धाक जाळता येत नाही. दातादीनच्या व्यक्तिरेखेत पोथी आणि वही एकत्र आल्याने फुल्यांचे विश्लेषण आणि प्रेमचंदांचे चित्रण येथे एकमेकांजवळ येतात.

वरच्या थरातही ऋणमुक्त कोणी नाही. रायसाहेब सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले आहेत, जमीनदारी गेली तर बरे असेही बोलतात. परंतु वेठ आणि नजराणा सुटत नाही. होरीवरील दंडाची बातमी कळताच ते तो पैसा गावपुढाऱ्यांकडून स्वतःकडे मागवतात. होरीला तो परत करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. वृत्तपत्राचा संपादक ओंकारनाथ याविरुद्ध लिहू पाहतो, तर त्याचे तोंड वर्गणीच्या रूपाने बंद होते. लग्न आणि निवडणूक यांच्या खर्चासाठी रायसाहेबांना खन्नांचे दार गाठावे लागते, आणि संपामध्ये खन्नांचा कारखाना जळून जातो. प्रतिष्ठेसाठी कर्ज हे सूत्र रायसाहेबांनाही लागू आहे. फरक एवढाच की त्यांच्या प्रतिष्ठेचे मोल शेवटी कुळेच चुकवतात. गोबरचे उदाहरण आणखी मार्मिक आहे. लखनौत चार पैसे साठताच तो एक्केवाले, गाडीवान, धोबी यांना व्याजाने पैसे देऊ लागतो. व्याजाचा अन्याय ओळखणारा तरुणही संधी मिळताच व्याज घेतो. म्हणूनच दोष व्यक्तीत नसून संबंधांत आहे, हे प्रेमचंद कोणतेही भाष्य न करता दाखवतात. १९३६ मधील ‘महाजनी सभ्यता’ या निबंधात हाच विचार त्यांनी उघडपणे मांडला.

या साखळीच्या तळाशी सिलिया आहे. दातादीनचा मुलगा मातादीन याच्या खळ्यावर ही चर्मकार स्त्री राबते. दुलारीचे दोन पैसे फेडण्यासाठी ती सुमारे शेरभर धान्य देते, तर मातादीन ते परत ओतून घेतो. होरीला निदान कर्ज मिळते, कारण त्याच्यापाशी गमावण्यासारखे काही आहे. सिलियाचे श्रम आणि शरीर दोन्ही वापरले जातात, पण मूठभर धान्यावरही तिचा हक्क नाही. प्रेमचंदांच्या दलितचित्रणावर पुढील काळातील दलित समीक्षकांनी, विशेषतः ‘कफन’ या कथेच्या संदर्भात, गंभीर आक्षेप घेतले आहेत, आणि ते विचारात घेतलेच पाहिजेत. तथापि मालमत्ता आणि जात यांचा सांधा या प्रसंगात त्यांनी अचूक पकडला आहे, हेही नोंदविणे आवश्यक आहे.

होरीची उतरंड क्रमाक्रमाने होते : शेतकरी, अर्धेलीचा वाटेकरी, मजूर. जमीन वाचविण्यासाठी तो रूपाचे लग्न वयस्क रामसेवकाशी लावतो आणि २०० रुपये स्वीकारतो. ज्या मरजादीसाठी सर्व काही गेले, ती मरजादही त्या दिवशी जाते. पुढे रोजंदारीवर खडी खोदताना त्याला लू लागते. मृत्युसमयी धनिया सुतळी विकून आलेले २० आणे दातादीनच्या हातावर ठेवते. हेच त्याचे गोदान. आयुष्यभर दारात गाय बांधण्याची इच्छा धरलेल्या माणसाच्या घरचे अखेरचे पैसेही त्याच धनकोकडे जातात.

पूर्वीच्या संयुक्त प्रांतातील जमीनदारी निर्मूलनाचा कायदा त्यानंतर १५ वर्षांनी, १९५१ साली संमत झाला. जमीनदार गेला, परंतु अब्रू तारण ठेवून कर्ज काढणारा शेतकरी त्या कायद्याने मुक्त झाला नाही. ‘गोदान’चे महत्त्व केवळ गतकाळाचा दस्तऐवज म्हणून उरत नाही, याचे कारण हेच आहे.