चामड्याची बॅग काठावर ओळखावी

दुकानात बॅग हातात आली की बहुतेक ग्राहक तीन गोष्टी करतात. नाकाशी नेऊन वास घेतात, झाकणावरून हात फिरवतात आणि आतल्या चकतीवर ‘जेन्युइन लेदर’ लिहिलंय का ते वाचतात. या तिन्ही ठिकाणी फसगत सहज होऊ शकते. चामड्याचा वास वरून देता येतो. झाकणावरचा रवा गरम साच्यानं दाबून उठवता येतो. आणि ‘जेन्युइन’ या शिक्क्यावरून बॅगेत चामडं आहे एवढंच कळतं. ते कुठल्या थराचं, किती जाड, कातड्याच्या कुठल्या भागातलं, यातलं काहीच कळत नाही. पारख करायची तर नजर काठाकडे न्यावी. जिथे चामडं कापलंय, दुमडलंय, शिवलंय आणि जिथे त्यावर भार येतो, त्या जागा खोटं बोलत नाहीत.

मागच्या भागात या लेखमालेत कोल्हापुरी पायताणाचं कातडं पाहिलं. आज तोच विषय पायाकडून खांद्याकडे येतो: लॅपटॉप, कागदपत्रं, डबा घेऊन रोज कामाला जाणारी, आडव्या पट्ट्याची मेसेंजर बॅग.

आधी कातड्याची घडण समजून घ्यायला हवी. वरचा पातळ थर बारीक तंतूंनी घट्ट विणलेला असतो. घासणं, ओरखडे, पाण्याचे थेंब तो सोसतो. त्याखाली जाड तंतूंचे जुडगे एकमेकांत गुंतलेले असतात आणि ताण पेलण्याची ताकद मुख्यतः त्यांची असते. गायी-म्हशीचं कातडं बॅगेसाठी फारच जाड पडतं, म्हणून यंत्रावर ते आडवं चिरून थर वेगळे करतात. वरचा थर न घासता तसाच ठेवला तर त्याला फुल ग्रेन म्हणतात. गोचिडाच्या खुणा, काट्याकुट्यांचे ओरखडे, मानेवरच्या वळ्या त्यावर दिसतात, आणि ग्राहक नेमका त्यांनाच दोष समजून बॅग परत ठेवतो. खुणा घासून काढल्या, वर रंगाचा लेप दिला आणि छापील रवा उठवला की ते झालं करेक्टेड ग्रेन. त्यात वाईट काही नाही, रोजच्या वापराला ते पुरतं. फक्त त्याची किंमत फुल ग्रेनची नसावी.

खालच्या थराला स्प्लिट म्हणतात. सुएड त्यातूनही होतं, आणि ते उत्तम असू शकतं. पण त्याच स्प्लिटवर प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवून गुळगुळीत, चकचकीत ‘चामडं’ तयार केलं जातं, तेव्हा सावध व्हावं. युरोपीय मानकात यासाठी स्पष्ट रेषा आखली आहे: वरचा लेप 0.15 मिलिमीटरहून जाड असेल तर त्या मालाला नुसतं ‘लेदर’ म्हणता येत नाही. सर्वांत खालची पायरी बाँडेड लेदरची. कारखान्यातले तुकडे आणि भुगा दळून, डिंकासारख्या पदार्थात मिसळून, लाटून त्याचे तक्ते करतात. त्यातले तंतू चामड्याचे असतात, पण त्यांची मूळची गुंतवण संपलेली असते. घडीच्या जागी असा माल आधी भेगाळतो.

हे सगळं दुकानात उभ्या उभ्या कसं कळणार? बॅगेच्या कडा बहुधा दुमडलेल्या किंवा रंग देऊन बंद केलेल्या असतात. पण पट्ट्याला बक्कलसाठी पाडलेली भोकं कुणी रंगवत बसत नाही. मोबाइलचा दिवा लावून त्या भोकात डोकावावं. आत सलग, केसाळ तंतू दिसले तर चामडं. कापडाचं विणकाम दिसलं तर रेक्झीन किंवा पीयू (पॉलियुरेथेनचा लेप दिलेलं कापड). दोन पातळ थरांच्या मध्ये पुठ्ठा किंवा फोम दिसला तर पट्टा नुसता फुगवलेला आहे. दुसरी जागा म्हणजे झाकणाचं वळण. ते आतल्या बाजूला दाबून वाकवावं. चांगल्या चामड्यावर बारीक सुरकुत्या उठतात आणि सोडताच विरतात. मोठे सैल फुगवटे उठत असतील तर तुकडा बहुधा पोटाकडचा आहे. पाठीच्या कण्यालगतचं कातडं घट्ट असतं, पोटाकडचं ताणलं जातं. म्हणून पट्टा पाठीच्या भागातूनच कापलेला हवा, नाहीतर तो काही महिन्यांत लांबतो आणि बॅग मांडीवर आपटू लागते.

कमावण्याच्या पद्धतीचा माग कधीकधी याच काठावर सापडतो. झाडांच्या सालींतलं टॅनिन वापरून कातडं कमवायला कित्येक आठवडे लागतात. दक्षिणेत त्यासाठी तरवडाची साल वापरायची जुनी रीत होती, कोल्हापुराकडे बाभूळ आणि हिरडा. 1884 मध्ये ऑगस्टस शुल्ट्झ यांनी अमेरिकेत क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावण्याचं पेटंट घेतलं आणि आठवड्यांचं काम दिवसांवर आलं. आज जगातलं बहुतांश चामडं क्रोमचं आहे. क्रोमचं कातडं कमावल्यानंतर निळसर असतं, त्यामुळे रंग आरपार मुरला नसेल तर कापलेल्या कडेत राखाडी-निळी रेघ दिसते. सालीवर कमावलेलं आतपर्यंत तपकिरी असतं. क्रोम मऊ, हलकं आणि पाण्याला जास्त टिकणारं. सालीचं कडक, आकार धरणारं, वापरानं गडद होत जाणारं, पण थेंबांचे डाग लगेच घेणारं. मुंबई-रत्नागिरीच्या पावसात रोज बाहेर पडणाऱ्यानं क्रोमची बॅग घेतली तर त्यात कमीपणा मानू नये. पुण्या-नाशिकला गाडीनं कामावर जाणाऱ्याला सालीवरची बॅग अधिक सुख देईल. पुदुच्चेरीच्या ‘हायडिझाइन’ या ब्रँडनं 1978 मध्ये छोट्या कार्यशाळेपासून सुरुवात करून नाव कमावलं ते सालीवरच्या चामड्यावर आणि पितळी बकलांवर.

किनारपट्टीच्या लोकांनी एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी. पीयूची बॅग कपाटात न वापरता ठेवली तरी खराब होते. हवेतला ओलावा आणि उष्णता पॉलियुरेथेनच्या साखळ्या तोडतात. काही वर्षांत लेप आधी चिकट होतो, मग त्याचे पापुद्रे सुटतात. त्यावर दुरुस्ती नाही. चामड्याच्या बॅगेला बुरशी आली तर ती पुसता येते.

महाराष्ट्रात चामड्याच्या बॅगेचा विषय निघाला की धारावीला वगळता येत नाही. वांद्र्याचा जुना कत्तलखाना जवळ होता म्हणून धारावीत कातडी कमावण्याचा धंदा वाढला. तमिळनाडूतून आलेल्या कुटुंबांचा त्यात मोठा वाटा होता. 1971 मध्ये देवनारचा कत्तलखाना सुरू झाला, पुढे कमावण्याची कामंही शहराबाहेर गेली. राहिलं ते शिवणकाम. आज तयार चामडं चेन्नई, कोलकाता, कानपूरहून येतं आणि धारावीच्या माळ्यांवर त्याच्या बॅगा, पाकिटं, पट्टे होतात. कोलकात्याचीही अशीच स्थलांतराची कहाणी आहे: 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तांगरा, तिलजला, तोपसिया भागांतले चर्मोद्योग हलवायचा आदेश दिला आणि बानतल्याची वसाहत उभी राहिली. 2015 च्या सुधारित कायद्यानं महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे राज्यातलं स्थानिक मोठं कातडं म्हणजे मुख्यतः म्हशीचं. त्याचा रवा ठसठशीत असतो, अंग जाड असतं. काही ग्राहक त्याला खडबडीत म्हणून नाकारतात. रोजच्या ओझ्याच्या बॅगेला ते फार चांगलं आहे.

धारावीत शिवलेल्या कितीतरी बॅगांवर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव लागतं. त्यामुळे नावाच्या शिक्क्याऐवजी शिवण वाचायला शिकणं जास्त फायद्याचं. यंत्राच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकतात. एक तुटला की शिवण हळूहळू उसवत जाते. हातानं दोन सुयांनी घातलेल्या टाक्यात एकच दोरा दोन्ही बाजूंनी जातो आणि एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. अशी पूर्ण हातशिवणीची बॅग महाग पडते, आणि तिचा आग्रह धरायलाच हवा असं नाही. पट्ट्याच्या मुळाशी दुहेरी शिवण आणि रिव्हेट असले तरी पुष्कळ झालं. टाके अति दाट असणं हेही चांगलं लक्षण नव्हे. जाड दोऱ्याला इंचाला सहा ते आठ टाके पुरतात. त्याहून फार दाट भोकं पाडली तर टपाल तिकिटांच्या तक्त्यासारखं चामडं त्या रेषेवरच फाटतं.

बॅग निकामी होते ती बहुधा पट्टा जिथे अडकतो तिथे. चौदा इंची लॅपटॉप साधारण दीड किलोचा, त्यात चार्जर, डबा, लिटरभर पाणी आणि बॅगेचं स्वतःचं वजन धरलं की खांद्यावर सहज पाच किलो येतात. विरार किंवा कल्याण लोकलच्या गर्दीत या ओझ्याला शिवाय हिसके बसतात. पट्टा नुसता वरच्या शिवणीत खुपसलेला असेल तर ती बॅग घेऊ नये. तो बॅगेच्या बगलेवरून खाली उतरलेला हवा, म्हणजे भार तळापर्यंत वाटला जातो. पट्ट्याची रुंदी चार सेंटिमीटरच्या आसपास असावी. कड्यांना जोड असेल तर तो झाळलेला हवा. नुसतं वाकवलेलं कडं भारानं उघडतं. बक्कल आणि हूक पितळी आहेत का, हे चुंबकानं पूर्ण कळत नाही: लोखंड चिकटतं, पण जस्ताच्या ओतीव मिश्रधातूला पितळेप्रमाणेच चुंबक लागत नाही. मागच्या बाजूला मुलामा उडालेल्या जागी पाहावं, पितळ पिवळं दिसतं आणि जस्त पांढुरकं. जस्ताचा हूक वाकत नाही, एकदम तुटतो, तोही बहुधा जिन्यात.

मापाबाबत लोक फार ढिले असतात. 15.6 इंच हे पडद्याच्या कर्णाचं माप आहे. असा लॅपटॉप रुंदीला साधारण 36 सेंटिमीटर भरतो, आणि बॅगेच्या आतल्या बाजूला त्याहून दोन-तीन सेंटिमीटर मोकळे लागतात. आपला लॅपटॉप दुकानात नेऊन, आत घालून, चेन पूर्ण लावून बघावं. पट्टा लावून पाच मिनिटं उभंही राहावं. पाठदुखी किंवा मानेचा त्रास असेल, किंवा स्टेशनपासून लांब चालत जावं लागत असेल, तर कितीही देखणी असली तरी एका खांद्यावरची चामड्याची बॅग घेऊ नये; दोन्ही खांद्यांवरची कापडी सॅक बरी.

बॅग कारागिराकडून बनवून घ्यायची असेल तर आणखी एक सोय होते. चामडं चौरस फुटावर विकलं जातं. पट्टा आणि वाया जाणारे तुकडे धरून अशा एका बॅगेला दहा-बारा चौरस फूट लागू शकतं, म्हणजे चामड्याचा दर विचारला की शिलाईचा हिशेब ग्राहकाला स्वतःच मांडता येतो. ऑर्डर पक्की करण्याआधी त्याच कातड्याची हातभर कातरण मागून घरी न्यावी. तिच्यावर पाण्याचे थेंब टाकावेत, तेलाचं बोट लावावं, ती जीन्सवर घासून रंग सुटतो का बघावं आणि दोन दिवस उन्हात ठेवावी. चांगला कारागीर ती हसत देतो.

(पुढील भागात : पावसाळ्यात चामड्याची निगा)