आर. के. नारायण : साध्या इंग्रजीतील साधी माणसे

परकीय भाषेत आपल्या माणसांचे जीवन रंगवू पाहणाऱ्या लेखकापुढे पहिलीच अडचण अशी उभी राहते की, ज्यांच्याविषयी लिहावयाचे ती माणसे त्या भाषेत बोलत नसतात. बाजारात घासाघीस करणारा दुकानदार, देवघरात बसलेली आजी, शाळा चुकविणारा पोरगा ह्यांचे बोलणे तामिळमध्ये किंवा कानडीत चाललेले असते. कादंबरी मात्र इंग्रजीत छापावयाची असते. मग ह्या माणसांच्या तोंडी कोणती इंग्रजी घालावयाची? लंडनच्या दिवाणखान्यातली घातली तर माणसे खोटी ठरतात. मोडकीतोडकी घातली तर ती हास्यास्पद होतात. ह्या पेचातून आर. के. नारायण (१९०६–२००१) यांनी जी वाट काढली, तिचा विचार येथे करावयाचा आहे.

हा पेच त्यांच्या एकट्याचा नव्हता. १९३५ साली मुल्कराज आनंद यांची ‘अनटचेबल’ प्रसिद्ध झाली, १९३८ साली राजा राव यांची ‘कांतापुरा’. आनंदांनी उत्तरेकडील बोलीतल्या शिव्या आणि वाक्प्रचार जसेच्या तसे इंग्रजीत उतरविले. राजा रावांनी गावातल्या एका वृद्धेला निवेदन करावयास लावून पुराणकथनाची लांबलचक लय त्या भाषेत आणली. दोघांनीही इंग्रजी वाकविली, आणि ती आपापल्या हेतूसाठी समर्थपणे वाकविली. नारायणांनी ती वाकविली नाही. तिच्यातला सगळा डामडौल तेवढा काढून टाकला.

त्यांचे बालपण मद्रासेत आजीच्या घरी गेले. वडील म्हैसूरला हायस्कुलाचे हेडमास्तर. पण मुलाला विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत दगा दिला तो इंग्रजी ह्याच विषयाने. पुढे १९३० साली ते म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातून बी. ए. झाले. त्याच वर्षी बंगलोरला आजीने काढून दिलेल्या मुहूर्तावर त्यांनी वही उघडली आणि मालगुडी ह्या गावाचे छोटेसे रेल्वे स्टेशन त्यांच्या मनात उभे राहिले. त्या वहीतून झालेले पुस्तक लंडनचे प्रकाशक एकामागून एक परत करीत होते. शेवटी ऑक्सफर्डला शिकणाऱ्या एका मित्राने हस्तलिखित ग्रॅहम ग्रीन या कादंबरीकाराच्या हाती दिले आणि त्याच्या शिफारशीने १९३५ साली ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ बाहेर पडले.

ह्या पहिल्याच पुस्तकात नारायणांची रीत दिसून येते. सुटीत वडील स्वामीला गणित घालतात : रामाजवळ दहा आंबे आहेत आणि त्यांचे त्याला पंधरा आणे करावयाचे आहेत; कृष्णाला चारच आंबे हवे आहेत, तर त्याने किती द्यावे? स्वामी विचारात पडतो तो आकड्यांच्या नव्हे. आंबे पिकलेले आहेत की नाहीत, हे कळल्यावाचून भाव कसा ठरवावा, हा त्याचा प्रश्न आहे! लेखक येथे बालमनावर एक शब्दही बोलत नाही. तरीही आकड्यांची शाळा आणि खऱ्या आंब्याचे जग ह्यांतले अंतर वाचकाच्या पुरते ध्यानी येते. परदेशी कापडाची होळी चाललेली असते तेव्हा हाच मुलगा उत्साहाच्या भरात आपली टोपी ज्वाळेत भिरकावून देतो. घरी वडील सांगतात की ती टोपी मुळी स्वदेशीच होती. लेखक चळवळीची टवाळी करीत नाही आणि मुलाचीही करीत नाही. एका मोठ्या घटनेत लहान माणूस कसा सापडतो, एवढेच तो दाखवितो.

ही साधेपणाची कारागिरी कशात आहे? वाक्ये आखूड, क्रियापदे रोजच्या व्यवहारातली, विशेषणे मोजकी. धोतर, जटका, ओटा ह्या वस्तू येतात, पण त्यांची प्रदर्शनी मांडणी नाही. परक्या वाचकासाठी टीपा देत बसण्याची घाई नाही. पात्रे जे बोलतात ते ना साहेबी, ना विद्रूप. त्यामुळे थोड्याच पानांनंतर आपण इंग्रजी वाचीत आहोत ह्याचा विसर पडतो आणि मार्केट रोड, कबीर स्ट्रीट, सरयू नदीचा काठ एवढेच उरते. भाषा काचेसारखी झाली म्हणजे काच दिसत नाही, पलीकडचे दिसते.

येथे कोणी म्हणेल की, लहानसहान गमतीजमतींना अशी भाषा पुरेल, पण दुःखाचा भार तिला पेलेल काय? ह्याचे उत्तर ‘द इंग्लिश टीचर’ (१९४५) ह्या कादंबरीत आहे. नारायणांची पत्नी राजम १९३९ साली विषमज्वराने वारली. कादंबरीतला कृष्णन् कॉलेजात इंग्रजी शिकवितो. त्याची पत्नी सुशीला त्याच रोगाने जाते. घर पाहावयास गेलेले जोडपे, तेथील गलिच्छ संडास, ओठावर बसलेली एक माशी, मग ताप, तापमानाचा तक्ता, औषधाच्या वेळा, डॉक्टरांच्या फेऱ्या : सारे एखाद्या घरगुती टिपणवहीप्रमाणे येते. शोकाचे आलंकारिक वर्णन जवळजवळ नाही. ज्या घरात मरण आलेले असते तेथे प्रत्यक्षात असेच घडते; माणसे तत्त्वज्ञान सांगत नाहीत, औषधाची बाटली पाहतात. आपल्या आयुष्यातला सर्वांत जड अनुभव लिहिताना नारायणांनी सर्वांत हलके शब्द निवडले. साधेपणा ही त्यांची मर्यादा असती तर तो येथेच तुटला असता. तो येथेच सर्वांत बळकट ठरला.

‘द फायनान्शियल एक्स्पर्ट’ (१९५२) मधला मार्गय्या सहकारी बँकेसमोरच्या वडाखाली पत्र्याची पेटी घेऊन बसतो आणि खेडुतांना कर्जाच्या वाटा दाखवितो. तो लबाड आहे, लोभी आहे, पोरावर जीव टाकणारा बापही आहे. अफाट पैसा मिळवून सर्वस्व घालविल्यावर त्याला पुन्हा तीच पेटी आणि तेच झाड आठवते. लेखक त्याला शिक्षा सुनावीत नाही आणि त्याची सुटकाही करीत नाही.

हाच संयम ‘द गाइड’ (१९५८) ह्या कादंबरीत पराकोटीस पोचतो. तुरुंगातून सुटलेल्या राजूला खेडूत साधू समजतात आणि दुष्काळात पावसासाठी त्याला उपवास घडतो. शेवटी नदीच्या पात्रात तो कोसळतो. डोंगरात पाऊस आल्याचे त्याला जाणवते. पण पाऊस खरोखर आला की नाही, हे लेखक सांगत नाही. ह्या कादंबरीला १९६० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९६५ च्या हिंदी चित्रपटात मात्र मालगुडी जाऊन राजस्थानचे राजवाडे आले आणि पाऊस प्रत्यक्ष कोसळला. चित्रपट लोकप्रिय झाला, त्यातली गाणी आजही आपल्या ओठांवर आहेत. पण नारायण त्यावर नाराज होते, आणि ते का, हे समजणे कठीण नाही. ज्या प्रश्नावर कादंबरी उभी होती त्याचे उत्तरच देऊन टाकले गेले होते.

ह्या लेखनावर आक्षेपही आहेत आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. व्ही. एस. नायपॉल यांनी १९७७ च्या आपल्या भारतविषयक पुस्तकात असा सूर लावला की, नारायणांचे जग सगळे काही स्वीकारून पुन्हा मूळपदावर येणारे आहे. भारताचे क्रौर्य आणि दैन्य त्यात बोचत नाही. यात तथ्य आहे. मालगुडी बहुतांशी मध्यमवर्गाच्या ओट्यावरून दिसते. तथापि ‘वेटिंग फॉर द महात्मा’ (१९५५) मध्ये गांधीजी नगराध्यक्षाचा सजविलेला बंगला सोडून झाडूवाल्यांच्या वस्तीत मुक्कामास जातात, तेव्हा त्या बंगल्याची झालेली फजिती कोणत्याही जळजळीत भाषणाहून कमी बोचत नाही. आणि ‘द डार्क रूम’ (१९३८) मधली सावित्री नवऱ्याचे घर सोडते व परत येते, ते समाधानाने नव्हे. दुसरी वाट नाही म्हणून येते. मूळपदावर येणे म्हणजे शांती नव्हे, हे येथे स्पष्ट आहे.

मराठी वाचकाला मालगुडी परकी वाटत नाही. शंकर नाग यांच्या दूरदर्शन मालिकेने १९८६ नंतर स्वामी घरोघर नेला, आणि मुंबईत राहून सामान्य माणसाचे व्यंगचित्र घडविणारे आर. के. लक्ष्मण हे नारायणांचेच धाकटे बंधू. एकाने रेषेत केले तेच दुसऱ्याने शब्दांत केले.

१९८९ साली राज्यसभेचे नियुक्त सभासद असताना नारायण प्रथमच बोलावयास उभे राहिले. त्यांनी विषय निवडला तो शाळकरी मुलांच्या पाठीवरील दप्तराच्या ओझ्याचा! स्वामीचा लेखक दुसरे काय बोलणार? मोठ्या सभागृहात लहान मुलाचे ओझे दिसणे आणि ते साध्या शब्दांत सांगता येणे, ही दृष्टी त्यांच्या साऱ्या लेखनामागे आहे. भाषा परकी असो की आपली, सामान्य माणसाविषयी लिहावयाचे तर आधी त्याच्याहून उंच आवाजात बोलण्याचा मोह सोडावा लागतो. नारायणांनी तो शेवटपर्यंत सोडला होता.