बर्फावर उतरण्यापूर्वी अंग ताणावे का?

हिवाळ्याच्या सुट्टीत काश्मीर किंवा गढवाल पाहून येणाऱ्या मंडळींच्या प्रवासकथांत अलीकडे एका नव्या प्रकरणाची भर पडू लागली आहे. पूर्वी बर्फ पाहावा, मूठभर हातात घेऊन एकमेकांवर फेकावा, छायाचित्र काढावे आणि परतावे, एवढाच परिपाठ असे. आता घरातील तरुण मुले, आणि त्यांच्या आग्रहाने क्वचित त्यांचे पन्नाशीचे वडीलही, पायांना लांब पट्ट्या जोडून गुलमर्गच्या किंवा औलीच्या उतारावर उभे राहतात. ज्यांची मुलेबाळे कॅनडात वा स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झाली आहेत, त्यांना तर नातवंडांच्या स्कीइंगचा वृत्तांत दर हिवाळ्यात दूरध्वनीवरून ऐकायला मिळतो. त्या वृत्तांतात कधी कधी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचीही वार्ता असते, आणि मग इकडे सर्वांचा जीव टांगणीला लागतो.

'स्की' हा शब्द मूळचा नॉर्वेचा. चिरलेल्या लाकडाची फळी एवढाच त्याचा मूळ अर्थ, आणि तिकडचे लोक त्याचा उच्चार 'शी'च्या जवळपास करतात. आपण तो इंग्रजांकडून घेतल्यामुळे त्यांचा उच्चार आपल्याकडे रूढ झाला. खेळही त्यांनीच येथे आणला. १९२७ साली त्यांनी गुलमर्गला स्की क्लब काढला. त्याच परिसरातील आरिफ खान २०२२ साली बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे स्कीइंगच्या शर्यतींत उतरले, हे वाचकांना स्मरत असेल.

जगातील कोणत्याही स्कीच्या उतारावर सकाळी एक दृश्य हमखास दिसते. शिकाऊ मंडळी कोंडाळे करून उभी असतात. कोणी टाच मागे उचलून मांडी ताणतो, कोणी पुढे वाकून पायाच्या अंगठ्याकडे हात नेतो, कोणी कंबर इकडेतिकडे वळवितो. एवढे केले की दिवसभर काही दुखणार नाही आणि काही मोडणारही नाही, अशी एक श्रद्धा या सर्वांमागे असते. शाळेच्या मैदानावर कवायतीपूर्वी आपणही मुलांकडून हेच करवून घेत आलो आहोत. ही श्रद्धा कितपत साधार आहे?

मराठीत दुखण्याला एकच शब्द नाही, आणि जे आहेत ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. फार श्रम झाले की दुसऱ्या दिवशी अंग आंबते. पोटरीत गोळा येतो. वाकताना पाठीत उसण भरते. पाऊल वाकडे पडले की घोटा मुरगळतो, आणि फारच वाकडे पडले तर हाड मोडते. यातील प्रत्येक व्यथेचे कारण निराळे हे आपल्या आजीला पक्के ठाऊक होते. कशाला शेक द्यायचा आणि कशाला लेप लावायचा याबाबत तिचा गोंधळ होत नसे. अंग ताणण्याच्या प्रश्नात आपला गोंधळ होतो तो मुख्यतः या साऱ्या व्यथा एकाच गाठोड्यात बांधल्यामुळे.

प्रथम आंबण्याचे पाहू. स्कीइंग करणारा माणूस गुडघे वाकवून, अर्ध्या बैठकीच्या अवस्थेत उतार उतरत असतो. प्रत्येक वळणाला आणि प्रत्येक उंचवट्याला मांडीच्या पुढच्या स्नायूंना शरीराचा भार पेलत पेलतच लांब व्हावे लागते. आखडून भार उचलण्यापेक्षा असा भार सावरीत लांब होणे स्नायूला अधिक जाचते. एखादा गड चढताना दम लागतो, पण मांड्या आंबतात त्या गड उतरल्यामुळे, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. तिची वेदना लगेच जाणवत नाही, एक ते तीन दिवसांत ती सर्वांत तीव्र होते आणि आठवड्याच्या आत ओसरते. एके काळी असे मानीत की, श्रमाने स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते आणि त्यामुळे अंग दुखते. आपल्या 'आंबणे' या शब्दाला ही उपपत्ती किती शोभून दिसे! परंतु ते आम्ल श्रम थांबल्यावर तासा-दीड तासात निघून जाते आणि वेदना तर दुसऱ्या दिवशी सुरू होते. शब्द सुंदर असला तरी उपपत्ती सोडावी लागली.

अंग ताणल्याने हे आंबणे टळते काय? वैद्यकीय प्रयोगांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०११ साली या विषयावरील बारा प्रयोग तपासले. वेदनेला शंभर गुणांची मोजपट्टी लावली, तर व्यायामापूर्वी वा व्यायामानंतर ताणण्याने दुसऱ्या दिवशीची वेदना सरासरी अर्ध्या ते एका गुणाने कमी होते, असे आढळले. शंभरांपैकी एक गुण! परीक्षेत एका गुणाने विद्यार्थ्याचा वर्ग बदलू शकतो, हे आम्हा शिक्षकांना ठाऊक आहे. मांडीला मात्र तो गुण जाणवत नाही. याच सुमारास, २०१० साली, नॉर्वे आणि ऑस्ट्रेलिया येथील संशोधकांचा एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात २,३०० हून अधिक हौशी व्यायामपटूंचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडून एका गटाला बारा आठवडे व्यायामाच्या आधी व नंतर पायांचे आणि पाठीचे स्नायू ताणावयास सांगितले होते. त्रासदायक दुखण्याची तक्रार न ताणणाऱ्यांत आठवड्याला सुमारे ३२ टक्के, तर ताणणाऱ्यांत सुमारे २५ टक्के लोकांची आली. स्नायू आणि अस्थिबंध यांच्या किरकोळ दुखापतीही ताणणाऱ्यांत काहीशा कमी दिसल्या. सर्व दुखापतींचा एकत्र हिशेब केला तर मात्र दोन्ही गट सारखेच राहिले. अर्थात आपण ताणले की नाही हे प्रत्येकाला माहीत होते, आणि औषधावरील विश्वासही थोडे औषधाचे काम करतो. तरीही एवढा अल्प लाभ कोणाला हवा असेल तर त्याने तो अवश्य घ्यावा. त्यात खर्च नाही.

दुखापतीची गोष्ट निराळी आहे, आणि खरी चिंता तिचीच.

पूर्वीच्या काळी स्कीचा पट्टा बुटाला पक्का जखडलेला असे. माणूस पडला, पट्टी बर्फात रुतली आणि शरीर वळले की तो सारा पीळ नडगीच्या हाडावर येई व ते मोडे. मूळचे नॉर्वेचे, पण अमेरिकेत स्थायिक झालेले याल्मार वाम हे पट्टीचे स्कीपटू १९३७ साली असेच पाय मोडून रुग्णालयात पडले. गुंगीतून शुद्धीवर येता येता त्यांना ठरावीक जोर पडताच बूट मोकळा करणारी कळ सुचली, अशी कथा सांगतात. त्यांच्या कळीत पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या आणि नडगी मोडण्याचे प्रमाण खूपच घटले. हे यश अंग ताणण्याचे नव्हे, एका कळीचे आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

नडगी वाचली, पण गुडघा उघडा पडला. आज स्कीइंगमधील दुखापतींपैकी सुमारे एक तृतीयांश गुडघ्याच्या असतात. गुडघ्याच्या आत मांडीचे आणि नडगीचे हाड एकमेकांवरून सरकू न देणारे दोन अस्थिबंध फुलीच्या आकारात असतात. त्यांतील पुढचा तुटला की पुष्कळदा शस्त्रक्रिया करावी लागते, आणि पुन्हा खेळावयास नऊ महिने ते वर्ष लागते. तो तुटतो कसा? अमेरिकेतील व्हर्मांट राज्यात वर्षानुवर्षे या अपघातांचा अभ्यास करणाऱ्या कार्ल एटलिंगर, रॉबर्ट जॉन्सन आणि जॅस्पर शिली यांनी त्याचा छडा लावला. उतरताना माणसाचा तोल मागे जातो, कमर गुडघ्यांच्या खाली येते, वरच्या बाजूचा हात मागे पडतो आणि सारा भार खालच्या बाजूच्या पट्टीच्या शेपटाकडील आतल्या कडेवर येतो. आपले पाऊल पुढे असते. पट्टीचे शेपूट मात्र मागच्या दिशेला निघालेले दुसरे पाऊलच असल्यासारखे वागते. या अदृश्य पावलाने वाकलेल्या गुडघ्याला असा पीळ बसतो की अस्थिबंध डोळ्याचे पाते लवायच्या आत तुटतो. पाय मात्र बुटात सुखरूप असतो, कारण कळीला मोकळे होण्याजोगा जोर तिच्यापर्यंत पोचतच नाही.

ही सारी घटना डोळ्यांपुढे आणली म्हणजे सकाळच्या ताणण्याचा तिच्याशी फारसा संबंध नाही, हे उमगते. ताणला जातो तो स्नायू. तुटतो तो अस्थिबंध. व्हर्मांटच्या संशोधकांनी दुसरा मार्ग धरला. १९९३-९४ च्या हंगामात वीस ठिकाणचे शिक्षक व बचावपथकांतील लोक यांना त्यांनी अशा पडण्याची चित्रफीत दाखविली आणि काही गोष्टी शिकविल्या. हात पुढे ठेवा. पावले जवळ आणा. तोल गेलाच तर घसरत असताना उठण्याची धडपड करू नका, पूर्ण थांबल्यावर उठा. पडताना पाय ताठ करू नका. एवढ्याने त्या लोकांतील गुडघ्याच्या गंभीर दुखापती आधीच्या दोन हंगामांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटल्या. ही मंडळी मुरलेली होती, नवशिक्याला तेवढा लाभ होईलच असे नाही. परंतु उतारावर उभे राहून दहा मिनिटे घालवायचीच असतील, तर ती पडण्याचे हे नियम घोकण्यात घालविणे अधिक फलदायी ठरेल, असे माझे मत आहे.

ताणण्याचा सर्वांत कडक कस लागला तो सैन्यात. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यातील १,५३८ नव्या जवानांपैकी निम्म्यांकडून बारा आठवडे व्यायामापूर्वी पायांचे स्नायू ताणून घेतले गेले. निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. ताणणाऱ्या ७३५ जवानांत १५८ जणांच्या आणि न ताणणाऱ्या ८०३ जवानांत १७५ जणांच्या पायांना दुखापती झाल्या. गणित करून पाहिल्यास दोन्ही आकडे शेकडा बावीसच्या आतबाहेर येतात. फरक पडला तो निराळ्याच गोष्टीने: ज्यांचा दमसास कमी होता त्यांना दुखापतीचा धोका कितीतरी पटींनी अधिक होता. २०१४ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी निरनिराळ्या खेळांतील २५ प्रयोगांचा आणि २६,००० हून अधिक व्यक्तींचा आढावा घेतला. ताणण्याचा संरक्षक उपयोग त्यांना दिसला नाही. स्नायूंचे बळ वाढविणाऱ्या व्यायामाने मात्र दुखापती एक तृतीयांशाहूनही खाली आल्या होत्या.

येथे आपल्या तालमीची आठवण होणे स्वाभाविक आहे. वस्ताद पोराला अंग मोकळे करायला सांगत, पण भर असे तो जोर-बैठकांवर. स्कीच्या उतारावर मांडीला जे काम पडते, ते सावकाश खाली जाणाऱ्या बैठकीत जवळजवळ जसेच्या तसे सापडते. सुट्टीच्या दोन महिने आधीपासून दिवसाआड बैठका काढाव्यात, खाली जाताना घाई करू नये, आणि इमारतीचे जिने उतरावयास उद्वाहकाची मदत घेऊ नये. ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतात त्यांनी डॉक्टरांना विचारून हे करावे. आंबण्यावरही हाच उतारा आहे. भार सावरीत लांब होण्याची स्नायूला एकदा सवय झाली की पुढच्या खेपेस तो फार कमी दुखतो.

अंग तापविणे आणि अंग ताणणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हेही सांगावयास हवे. १९८८ साली सशांच्या स्नायूंवर झालेल्या प्रयोगात, आधी थोडे काम करून तापलेला स्नायू तुटावयास अधिक जोर लागतो, असे दिसून आले. पाळण्यातून वर जाताना शरीर गारठते. म्हणून उतरण्यापूर्वी जागच्या जागी पावले उचलावीत, हात फिरवावेत, अर्ध्या बैठका काढाव्यात आणि पहिली फेरी सौम्य उतारावर घ्यावी. थंड स्नायू मिनिटाहून अधिक काळ ताणून धरणे मात्र टाळावे. त्याने पुढे काही वेळ त्याचे बळ थोडे घटतेच.

पट्ट्या भाड्याने घेताना कळ किती घट्ट ठेवायची हे वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि खेळातील तयारी यांवरून ठरते. तेथे वजन कमी सांगण्याचा संकोच आणि तयारी अधिक सांगण्याची हौस, दोन्ही आवरावी. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी कळ किंचित सैल ठेवण्याचा संकेत आहे; तेव्हा वडीलमंडळींनी वय चोरू नये. मांड्या थरथरू लागल्या की 'आणखी एकच फेरी' हा मोह सोडून खोलीवर परतावे. तेथे उबेला बसून पाय खुशाल ताणावेत. त्या वेळी ते फार सुखद वाटते. दुसऱ्या दिवशी मांड्या आंबायच्या त्या आंबतातच.