पोटभाडेकरूंचा इतिहास

गावाचा इतिहास म्हटला की जमीनदार, धर्मगुरू आणि गिरणीमालक यांचीच नावे पुढे येतात. इंग्लंडही याला अपवाद नाही. तेथील स्थानिक कराच्या वहीत नाव असे ते कर भरणाऱ्याचे. त्याच्या माडीवरील खोलीत राहणाऱ्याचे नव्हे.

१८५१ च्या जनगणनेत मात्र कुटुंबप्रमुखाशी प्रत्येकाचे नाते नोंदविले गेले आणि पोटभाडेकरू कागदावर दिसू लागला. याच नोंदींच्या आधारे मायकेल अँडरसन यांनी प्रेस्टन या कापडगिरण्यांच्या शहरातील कुटुंबजीवनाचा अभ्यास करून १९७१ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. कामासाठी घर सोडून आलेले तरुण परक्याच्या घरी आसरा घेत. खोली भाड्याने देऊन एखादी विधवा आपला संसार चालवी. गिरण्यांचा भोंगा ज्यांच्या बळावर वाजे, ती ही माणसे.

१८६७ च्या कायद्याने शहरांतील पुरुष पोटभाडेकरूंना मताधिकार दिला खरा. पण खोलीचे मूल्य, सामानसुमान वगळून, वर्षाला किमान १० पौंड हवे, वास्तव्य बारा महिन्यांचे हवे, आणि हक्क दरवर्षी अर्ज करून मागायला हवा! घरधन्याचे नागरिकत्व गृहीत धरले जाई, पोटभाडेकरूला ते सिद्ध करावे लागे.

म्हणूनच स्थानिक इतिहासकाराने वाड्याची वंशावळ लिहून थांबू नये. त्या वाड्यात भाड्याने कोण राहून गेले, हेही विचारावे. शहरे मालकांच्या नावाने ओळखली जातात. उभी राहतात ती बिऱ्हाडकरूंच्या श्रमांवर.