टीव्ही घ्यायचाय? किंमत विचारायच्या आधी ‘बिघडल्यावर गावात कोण येणार’ ते विचारा

सोयाबीनचे पैसे हातात आले की गावात दोन गोष्टींची चौकशी सुरू होते. एक मोबाईल आणि दुसरा टीव्ही. मोबाईलचं मला कोणी विचारत नाही, ते पोरं बघून घेतात. टीव्हीचं मात्र हमखास विचारतात, कारण माझा टीव्ही कसा गेला ते अख्ख्या गावाला माहीत आहे. “भाऊ, निलंग्याला घेऊ, लातूरला जाऊ, का मोबाईलवरूनच मागवू?” पारावर बसून एकेकाला सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

तीन वर्षांमागं दिवाळीच्या सेलमध्ये मी ४३ इंची टीव्ही मोबाईलवरून मागवला. तालुक्याच्या दुकानात त्या मापाचा २६ हजाराला होता, मोबाईलवर २३ हजाराला मिळाला. तीन हजार वाचले म्हणून घरात मिरवलो. आठ महिने चांगला चालला. पावसाळ्याच्या तोंडाला पडद्यावर उभ्या रेषा यायला लागल्या. वॉरंटी एक वर्षाची होती, म्हणून निवांत होतो. कंपनीच्या नंबरवर तक्रार नोंदवली. चार दिवसांनी फोन आला की तुमचं गाव आमच्या हद्दीत येत नाही, टीव्ही लातूरला सेंटरवर आणून द्या.

खोका तर दिवाळीनंतर लगेच चुलीत गेला होता. टीव्ही गोधडीत गुंडाळला आणि मोंढ्यात हरभरा घेऊन निघालेल्या पिकअपमध्ये पोत्यांवर आडवा टाकला. इथंच घात झाला. सपाट टीव्ही कधी आडवा न्यायचा नसतो, उभाच न्यायचा असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सेंटरवर गोधडी सोडली तर काच आतून कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकलेली. तिथल्या पोरानं कागदावर ‘फिजिकल डॅमेज’ लिहिलं. वॉरंटी संपली. नव्या पॅनलचे १७ हजार सांगितले. तो टीव्ही आजही गोठ्याशेजारच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेला आहे.

घरी आल्यावर पहिल्यांदा वॉरंटी कार्ड नीट वाचलं. मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं होतं की सर्व्हिस सेंटर ज्या शहरात आहे त्या शहराच्या पालिका हद्दीबाहेर टीव्ही असेल, तर आणण्या-नेण्याचा खर्च आणि वाटेतल्या मोडतोडीची जबाबदारी गिऱ्हाइकाची. हे वाक्य त्या एकाच कंपनीचं नाही. नंतर दोन-चार जणांची कार्डं बघितली, थोड्याफार फरकानं तेच. जाहिरातीत ‘घरपोच सेवा’ लिहितात, ती बहुतेक वेळा शहरातल्या घरापुरती असते.

म्हणून टीव्ही कुठून घ्यायचा, याचा निकाल माझ्या मते किंमतीवर लागत नाही. बिघडल्यावर तो टीव्ही उचलून कोण नेणार, यावर लागतो.

आधी एक फोन करा

जो टीव्ही मनात भरलाय, त्या कंपनीचा टोल फ्री नंबर तिच्या वेबसाईटवर असतो. गुगलवर नुसतं ‘अमुक कंपनी कस्टमर केअर’ टाकून जो पहिला नंबर येईल त्याला लावू नका, त्यात फसवणारे बसलेले असतात. फोन लावून आपला पिनकोड सांगा. विचारा की या पिनकोडला माणूस घरी येतो का, किलोमीटरप्रमाणे पैसे लागतात का, आणि जवळचं सेंटर कुठं आहे. “येतो” म्हणाले तर म्हणा, मला मेसेज किंवा मेल करा. लेखी आलं नाही तर ते बोलणं हवेत गेलं असं धरा. माझ्याकडं ‘टीव्ही घेऊन या’ म्हणाल्याचा एक मेसेज जरी असता, तर भांडायला काहीतरी हातात राहिलं असतं.

हा फोन दहा मिनिटांचा आहे. आपण बियाण्याची पिशवी घेताना लॉट नंबर बघतो, पंधरा-वीस हजाराच्या टीव्हीला एवढं करायला हरकत नाही.

मोबाईलवरून मागवायचा असेल तर

मी पोळलो म्हणून ऑनलाईन वाईटच, असं मी म्हणणार नाही. निलंगा, उदगीर, औसा अशा गावात राहणाऱ्याला, जिथं माणूस घरी येतो, तिथं सेलमधला टीव्ही खरंच स्वस्त पडतो. पण किंमतीची तुलना करताना पूर्ण मॉडेल नंबर बघा, शेवटच्या अक्षरापर्यंत. बऱ्याच कंपन्या ऑनलाईनसाठी वेगळं मॉडेल काढतात. दिसायला सारखं, पण आत रॅम कमी, स्पीकर लहान नाहीतर पॅनल वेगळं. दुकानदाराला मोबाईल दाखवून “हा एवढ्याला कसा?” म्हणून भांडण्याआधी दोन्ही नंबर जुळतात का ते पाहा. कधी दुकानदार खरा असतो.

डिलिव्हरीवाला खोका घेऊन आला की पहिल्यांदा ओटीपी मागतो. ओटीपी दिला म्हणजे माल चांगला मिळाला असं तुम्ही लिहून दिलं. काही पिनकोडला ओपन डिलिव्हरी असते, तिथं आधी खोका उघडायला लावा, पडदा बघा, मग ओटीपी. ती सोय नसेल तर निदान खोका कुठं दबला, फाटला, ओला झाला आहे का ते चारही बाजूंनी बघून व्हिडिओ काढा. शंका आली तर घेऊच नका, परत पाठवा. काही कंपन्यांचा खोका त्यांचा माणूस आल्यावरच उघडायचा असतो, तसं वर छापलेलं असतं. आणि ‘सात दिवसांत परत’ म्हणजे बहुतेक वेळा पैसे परत नव्हे, बदली टीव्ही. तोही त्यांचा माणूस येऊन बघून गेल्यावर. तो माणूस तुमच्या गावाला येतो का, हे फिरून त्याच फोनवर येऊन ठेपतं.

खोका वॉरंटी संपेपर्यंत माळवदावर ठेवा. जाळू नका.

लातूरचं शोरूम

गंजगोलाईच्या आसपासची दुकानं असोत की मोठी काचेची शोरूम, लातूरला गेल्याचा फायदा म्हणजे दहा टीव्ही शेजारी शेजारी चालू बघायला मिळतात. पण शोरूममधला पडदा भडक करून ठेवलेला असतो आणि त्यावर कंपनीचा स्वतःचा व्हिडिओ चालू असतो. आपल्या घरी डीडी फ्री डिशची साधी चॅनल लागणार आहेत. त्याला म्हणा, डिश लावून दाखव, नाहीतर यूट्यूबवर जुना मराठी पिक्चर लाव. मग खरं रूप कळतं. बारा बाय दहाच्या खोलीत ३२ इंची पुरतो. इंच म्हणजे पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप. ३२ इंच म्हणजे साधारण ८० सेंटिमीटर.

शोरूमवाले फायनान्स लगेच करून देतात. आधार, पॅन आणि बँकेचा तपशील दिला की अर्ध्या तासात टीव्ही तुमचा. ‘नो कॉस्ट ईएमआय’ या शब्दावर मात्र विश्वास ठेवू नका. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं. व्याज कुठंतरी बसलेलं असतं. रोख देणाऱ्याला जी सूट मिळते ती तुम्हाला मिळत नाही, वरून प्रोसेसिंग फी, कार्डाची फी, आणि न विचारता जोडलेली वाढीव वॉरंटी. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्यानं सगळा खर्च धरून वर्षाला किती टक्के पडतं ते लिहिलेला कागद द्यायचा आहे, त्याला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ म्हणतात. तो मागा, आणि तुम्हाला कळेल अशा भाषेत मागा.

हप्त्याच्या दिवशी खात्यात पैसे नसले तर दंड दोन ठिकाणी बसतो, बँकेचा वेगळा आणि फायनान्सचा वेगळा. आपलं उत्पन्न वर्षात दोनदा येतं आणि हप्ता दर महिन्याला जातो, हे लक्षात ठेवा. आमच्या भावकीतल्या एकाचे टीव्हीचे तीन हप्ते चुकले. रक्कम सगळी मिळून साडेचार हजार. पण जूनमध्ये बँकेत गेला तर साहेबानं सिबिल काढून त्यावर बोट ठेवलं. पेरणी तोंडावर आली तरी कागद हलेना. टीव्ही रोखीनं घेता येत नसेल तर एक हंगाम थांबा, असं मी तरी सांगेन.

जीएसटीचंही तिथं बरंच बोललं जातं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचापेक्षा मोठ्या टीव्हीवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला. म्हणजे कर सोडून २० हजाराचा टीव्ही पूर्वी २५,६०० ला पडायचा, तो आता २३,६०० ला पडायला पाहिजे. ३२ इंची आणि त्याहून लहान टीव्हीवर आधीपासूनच १८ टक्के होता, त्यात काही बदललं नाही. ३२ इंचीवर कोणी ‘जीएसटी कमी झाला म्हणून स्वस्त’ म्हणत असेल तर तो आपल्याला बनवतोय.

तालुक्याचं दुकान

दुकानदार तोंडओळखीचा असतो, बाजारच्या दिवशी भेटतो, त्याला गावात तोंड दाखवायचं असतं. हीच त्याची खरी वॉरंटी. हजार-दीड हजार जास्त घेतो, हे कबूल. पण त्या पैशाच्या बदल्यात काय देणार ते आधी ठरवून घ्या. तो त्या कंपनीचा अधिकृत विक्रेता आहे का, गावात येऊन बसवून देणार का, आणि बिघडला तर सेंटरला तो नेणार का तुम्ही. यातलं काहीच करणार नसेल तर जादाचे पैसे कशाचे?

तालुक्याच्या बाजारात सहा-सात हजाराला जुळवलेले टीव्हीही मिळतात. वर नाव नावाजलेल्या कंपनीसारखं, एखादं अक्षर इकडचं तिकडं. टेम्पोतून गावोगाव विकणारे पण येतात. टीव्हीला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. मागच्या स्टिकरवर ‘आर’ आणि पुढं आकडे असा नंबर असतो. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकला की कंपनीचं नाव दिसतं. नाव जुळलं नाही किंवा नंबरच नसला तर हात लावू नका. असा टीव्ही घेतलेल्यांचं बोर्ड गेलं तर गावातला मेकॅनिक बसवून देतो, हे मी पाहिलंय. पॅनल गेलं की मात्र टेम्पोवाल्याचा फोन लागत नाही.

“बिल नको असेल तर पाचशे कमी करतो” हे वाक्य ऐकलं की उठायचं. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात. बिलावर मॉडेल आणि सिरीयल नंबर पाहिजे, आणि तो खोक्यावरच्या व टीव्हीमागच्या नंबराशी जुळला पाहिजे.

लाईटीनं जळला तर?

कुठूनही घ्या, विकणारा हे सहसा भरून देत नाही. डीपीवर न्यूट्रल तुटला की घरातल्या २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. आमच्या आळीत एका रात्रीत चार टीव्ही गेले. कंपनीच्या कागदात ते वॉरंटीबाहेर असतं. दाब वाढला की लाईट तोडणारा चांगला स्टॅबिलायझर घ्या, अर्थिंग नीट करून घ्या. वळवाचा पाऊस गरजायला लागला की नुसतं रिमोटनं बंद करून भागत नाही, पिन काढा आणि डिशची वायरही काढा.

तक्रार करायची झाली तर

१९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे, तिथं मराठीत बोलता येतं. तेवढ्यानं नाही भागलं तर लातूरचा जिल्हा ग्राहक आयोग. माल दिल्लीच्या विक्रेत्याकडून मोबाईलवर घेतला असला तरी २०१९ च्या कायद्यानं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील केलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची. मी गेलो नाही, कारण हातात लेखी काहीच नव्हतं, आणि आडवा टाकला होता तो मीच.

यंदा परत टीव्ही घेतला. ३२ इंची. मोबाईलवर १२,५०० दिसत होता, निलंग्याच्या दुकानात १३,८०० सांगितला, घासाघीस करून १३,४०० वर आला. पैसे मोजायच्या आधी बिलाच्या मागं दुकानदाराच्या हातानं लिहून घेतलं: ‘वॉरंटीत बिघाड झाल्यास टीव्ही घरून नेणे व आणून देणे दुकानाकडे.’ खाली सही आणि शिक्का. तो हसला, म्हणाला, “असं कोणी लिहून घेत नाही हो.” लिहून मात्र दिलं. ते बिल कपाटात सातबाराच्या पिशवीत आहे आणि खोका माळवदावर.