सौर बंबातील नॅनो द्रव : घ्यावा की थांबावे?

२०२१ साली नॅनो युरिया बाजारात आला आणि 'नॅनो' हा शब्द बागायतदारांच्या तोंडी बसला. आता पाणी तापविण्याच्या सौर बंबासाठीही नॅनो द्रवाचा विषय निघू लागला आहे. पैसा घालण्यापूर्वी हा प्रकार समजून घ्यावा.

सौर बंबात काळा पत्रा उन्हाने तापतो व त्याला जोडलेल्या नळ्यांतील पाण्याला उष्णता देतो. पाणी मात्र उष्णतेचे मंद वाहक आहे. त्यामुळे पत्रा जास्तच तापतो आणि बरीच उष्णता काचेवाटे हवेत निघून जाते. पाण्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहून बारीक कण मिसळल्यास ते पत्र्याची उष्णता लवकर उचलते. अशा मिश्रणाला १९९५ साली अमेरिकेतील अरगॉन प्रयोगशाळेतील स्टीफन चोई यांनी 'नॅनोफ्लुइड' हे नाव दिले. इराणमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लिटरला सुमारे २ ग्रॅम कण घातल्यावर सपाट तापकाची कार्यक्षमता साध्या पाण्यापेक्षा २८.३ टक्क्यांनी वाढली.

आकडा मोहात पाडणारा आहे, पण तो प्रयोगशाळेतील आहे. कण काही काळाने गोळा होऊन तळाशी बसतात, नळ्या चोंदतात. शिवाय हा द्रव बंद फेऱ्यातच फिरवावा लागतो व टाकीतील पाणी वेटोळ्याच्या नळीतून तापवावे लागते. आपल्याकडील बहुतेक घरगुती बंबांत तापलेले पाणीच थेट नळाला येते. अशा बंबात कोणतीही नॅनो पूड कदापि टाकू नये. तेच पाणी अंगावर आणि दुधाच्या भांड्यांत जाते.

वरूड तालुक्यात भूजलाचा उपसा अति झाला आहे, बोअर खोल गेले आहेत. पाणी जड असेल तर नळ्यांत क्षाराचा थर बसतो आणि उष्णता अडते. तो थर माहीतगार कारागिराकडून काढून घ्यावा. काचेवरील धूळ आठवड्यातून एकदा सकाळी, काच थंड असताना पुसावी. तापकाचे तोंड दक्षिणेला असावे. वरूड सुमारे साडेएकवीस अक्षांशावर आहे. हिवाळ्यात जास्त गरम पाणी हवे असल्यास सपाट तापकाचा उतार ३० ते ३५ अंश ठेवावा. एवढ्याला खर्च फारसा नाही.

मिरची वाळविण्याच्या सौर वाळवणी यंत्रात तर हवाच तापते, तेथे या द्रवाचे काम नाही.

तरीही कोणी नॅनो द्रवाचा बंब विकावयास आला तर फेरा बंद आहे काय, कण किती वर्षे न बसता राहतील आणि द्रव बदलण्याचा खर्च किती, हे लेखी मागावे.