उच्च शिक्षणातील नफा आणि त्यावरील अंकुश

बारावीचा निकाल लागला की सामरवरणी, मसाट आणि सिल्वासा परिसरातील औद्योगिक वसाहतींत राबणाऱ्या कुटुंबांत एकाच विषयाची चर्चा सुरू होते : मुलाला किंवा मुलीला पुढे कोठे घालावयाचे? वापी, सुरत, नाशिक, पुणे अशी नावे निघतात. कोणाच्या तरी ओळखीचा मध्यस्थ घरी येतो, गुळगुळीत कागदावर छापलेले माहितीपत्रक पुढे ठेवतो आणि ‘जागा निश्चित करून देतो’ असे आश्वासन देतो. वर्षानुवर्षांची शिल्लक, कधी गावाकडची जमीन, कधी बँकेचे कर्ज या एका निर्णयावर लागते. म्हणून शाळेच्या स्मृतिव्याख्यानाच्या या पुस्तिकेत प्रस्तुत विषय घेतला आहे. महाविद्यालय चालवून नफा कमावता येतो काय, कायद्याला त्यातले काय मान्य आहे व काय अमान्य, आणि देखरेख करणाऱ्या यंत्रणेचा हात कोठपर्यंत पोहोचतो, हे पालकांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

सेवेपासून विनाअनुदानापर्यंत

महाराष्ट्रातील खाजगी शिक्षणाची परंपरा मोठी आहे. १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढल्याच वर्षी फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. या संस्थेच्या आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर दीर्घकाळ अध्यापन करण्याचे व्रत घेतले होते. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली व ‘कमवा आणि शिका’ या मार्गाने गरिबांच्या मुलांना वर आणले. या संस्था खाजगी होत्या, त्या लोकांकडून देणग्याही घेत. पण देणगी संस्थेला मिळे, आणि ती देणाऱ्याच्या मुलाला त्या बदल्यात जागा मिळत नसे.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्र शासनाने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. शासकीय महाविद्यालये मोजकी होती आणि मराठी मुले प्रवेशासाठी कर्नाटकात जात होती. ही गरज खरी होती. त्या धोरणामुळे तालुक्याच्या गावीही अभियंते घडले, हे नाकारता येणार नाही. परंतु शासनाचे अनुदान नाही म्हटल्यावर सगळा खर्च विद्यार्थ्याकडून वसूल होऊ लागला, आणि जागा थोड्या व मागणी फार अशा स्थितीत प्रवेशाला बाजारभाव आला. ‘शिक्षणसम्राट’ हा शब्द मराठीत रूढ झाला तो याच काळात.

अमेरिकेतील उघड कंपन्या

आपल्याकडील कायद्याचे वेगळेपण कळण्यासाठी क्षणभर अमेरिकेकडे पाहू. तेथे नफ्यासाठी महाविद्यालये चालविणाऱ्या कंपन्या उघडपणे अस्तित्वात आहेत. त्यांतील काहींचे समभाग शेअरबाजारात विकले जातात. त्यांचे बहुतेक उत्पन्न विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरकारी कर्जांतून व साहाय्यातून येते. म्हणून १९९२ मध्ये तेथे नियम झाला की अशा महाविद्यालयाचे ८५ टक्क्यांहून अधिक उत्पन्न केंद्र सरकारच्या विद्यार्थी-साहाय्यातून येता कामा नये. १९९८ मध्ये ही मर्यादा ९० टक्क्यांवर नेण्यात आली. किमान थोडे विद्यार्थी तरी स्वतःचा पैसा मोजण्याइतके हे शिक्षण मोलाचे मानतात की नाही, हे त्यातून कळावे अशी ती कसोटी होती.

एवढे करूनही १९९५ मध्ये स्थापन झालेली कोरिंथियन कॉलेजेस ही कंपनी वाढत वाढत एका लाखाहून अधिक विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली. पदवीनंतर किती जणांना नोकरी मिळते याचे फुगविलेले आकडे दाखविल्याचे आरोप तिच्यावर सिद्ध होत गेले. २०१५ मध्ये तिने उरलेली महाविद्यालये एकाएकी बंद केली व दिवाळखोरी जाहीर केली. विद्यार्थ्यांच्या डोक्यावरचे कर्ज मात्र तसेच राहिले. जून २०२२ मध्ये तेथील शिक्षण खात्याने सुमारे ५ लाख ६० हजार कर्जदारांचे ५८० कोटी डॉलरचे कर्ज माफ केले. कर्ज माफ होण्यास सात वर्षे लागली, आणि विद्यार्थ्यांची वाया गेलेली वर्षे तर कोणत्याही सरकारला परत करता आली नाहीत.

आपला कायदा काय म्हणतो

भारतात असे उघड नफ्याचे महाविद्यालय काढता येत नाही. अभियांत्रिकी वा व्यवस्थापनाचे महाविद्यालय काढणारी संस्था नोंदणीकृत न्यास असावी लागते, सोसायटी असावी लागते, किंवा कंपनी कायद्याच्या आठव्या कलमाखालील कंपनी असावी लागते. या तिन्ही प्रकारांत शिल्लक राहिली तरी ती सभासदांत वाटून घेता येत नाही.

यासंबंधीचा विचार सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांतून टप्प्याटप्प्याने स्पष्ट झाला. १९९२ च्या मोहिनी जैन खटल्यात कर्नाटकातील एका खाजगी वैद्यकीय महाविद्यालयाचे शुल्क पुढे आले. शासकीय जागेवर वर्षाला २,००० रुपये, तर परराज्यातील विद्यार्थ्याकडून ६०,००० रुपये! न्यायालयाने कॅपिटेशन शुल्क अवैध ठरविले. १९९३ च्या उन्नीकृष्णन निवाड्याने निम्म्या जागा कमी शुल्काच्या व निम्म्या अधिक शुल्काच्या, अशी योजना घालून दिली. ३१ ऑक्टोबर २००२ रोजी टी. एम. ए. पै प्रतिष्ठानच्या खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ही योजना रद्द केली. शिक्षणसंस्था चालविणे हा राज्यघटनेच्या अर्थाने एक व्यवसाय आहे, संस्थेने विकासासाठी वाजवी आधिक्य राखावे, मात्र नफेखोरी करू नये व कॅपिटेशन शुल्क घेऊ नये, असे या पीठाने सांगितले. २००३ मध्ये इस्लामिक अकॅडमी खटल्यात प्रवेश व शुल्क यांवर देखरेखीसाठी निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमण्यास सांगण्यात आले. महाराष्ट्रातूनच गेलेल्या पी. ए. इनामदार खटल्यात १२ ऑगस्ट २००५ रोजी सात न्यायमूर्तींनी या समित्या कायम ठेवल्या.

अलीकडेही हीच भूमिका दिसते. आंध्र प्रदेशात वैद्यकीय शिक्षणाचे वार्षिक शुल्क सातपट वाढवून २४ लाख रुपये करण्यात आले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाढ अमान्य केली व शिक्षण हा नफा कमावण्याचा धंदा नव्हे असे बजावले. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये प्राप्तिकराच्या एका प्रकरणात न्यायालयाने असा अर्थ लावला की, करमाफी हवी असेल तर संस्थेचा हेतू ‘केवळ’ शिक्षण हाच असला पाहिजे. मुख्यतः शिक्षण आणि जोडीला नफा, हे चालणार नाही.

आधिक्य आणि नफा यांतील भेद

‘वाजवी आधिक्य’ आणि ‘नफा’ हे दोन शब्द सामान्य वाचकाला एकच वाटतील. त्यांतील फरक एका कल्पित उदाहरणाने समजून घेऊ. एका महाविद्यालयात ३०० विद्यार्थी आहेत व प्रत्येकाचे शुल्क १ लाख रुपये आहे. वर्षाची जमा झाली ३ कोटी. त्यांतून वेतनावर १ कोटी ८० लाख व अन्य गोष्टींवर ४० लाख खर्च झाले. शिल्लक राहिली ८० लाख. या रकमेतून प्रयोगशाळा उभी राहिली, ग्रंथालयात पुस्तके आली, वसतिगृहाची डागडुजी झाली, तर ते आधिक्य होय. कायद्याला ते मान्य आहे.

आता असे समजा की महाविद्यालयाची जमीन व इमारत विश्वस्तांच्या कुटुंबातील कंपनीच्या मालकीची आहे. ती वर्षाला ६० लाख रुपये भाडे घेते. उपाहारगृह, बसगाड्या, गणवेश यांची कंत्राटेही घरच्याच माणसांकडे आहेत. हिशेबवहीत संस्थेची शिल्लक जेमतेम दिसेल. तरीही विद्यार्थ्यांच्या शुल्काचा पैसा संस्थेबाहेर गेलेला असतो. म्हणून संस्थेचे नाव न्यास आहे की कंपनी, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. शिल्लक कोठे जाते, हा खरा प्रश्न आहे. विश्वस्तांना व त्यांच्या नातलगांना संस्थेच्या पैशातून अवाजवी लाभ देणाऱ्या न्यासाची करसवलत काढून घेण्याची तरतूद प्राप्तिकराच्या कायद्यात याच कारणासाठी आहे.

तिसरी वाट रोख देणगीची. ती हिशेबवहीत येतच नाही. महाराष्ट्राच्या १९८७ च्या कॅपिटेशन शुल्क प्रतिबंधक कायद्याने ठरलेल्या शुल्काहून अधिक घेतलेली कोणतीही रक्कम, तिला नाव काहीही दिलेले असो, कॅपिटेशन शुल्क मानली असून त्यासाठी तुरुंगवासाची शिक्षा सांगितली आहे.

देखरेख आणि तिच्या मर्यादा

महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांसाठी प्रवेश नियामक प्राधिकरण व शुल्क नियामक प्राधिकरण अशा दोन यंत्रणा निर्माण झाल्या. महाविद्यालयाने आपले लेखापरीक्षित हिशेब शुल्क नियामक प्राधिकरणापुढे ठेवावयाचे आणि प्राधिकरणाने खर्च तपासून व विकासासाठी काही वाढ धरून शुल्क ठरवावयाचे, अशी ही पद्धत आहे. ठरलेले शुल्क प्रसिद्ध केले जाते. अभिमत विद्यापीठे मात्र या राज्य यंत्रणेच्या कक्षेबाहेर आहेत. तेथील शुल्क म्हणूनच पुष्कळदा पालकाला चकित करते.

कागदी हिशेब तपासणे सोपे, प्रत्यक्ष तपासणे कठीण. केवळ निरीक्षणाच्या दिवसापुरते उभे केलेले अध्यापक, बँकेत जमा होऊन रोखीने परत घेतले जाणारे वेतन, यांविषयीच्या तक्रारी जुन्या आहेत. २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने वैद्यकीय महाविद्यालयांच्या तपासणीतील लाचखोरीबद्दल गुन्हा नोंदविला, तेव्हा तपासणाऱ्यांचीच तपासणी करण्याची वेळ आली.

यंत्रणा उशिरा जागी होते, हा दुसरा दोष. छत्तीसगडने २००२ मध्ये खाजगी विद्यापीठांचा कायदा केला आणि थोड्याच काळात तेथे शंभराहून अधिक विद्यापीठे कागदावर उभी राहिली. प्रा. यशपाल यांनी दाद मागितल्यावर ११ फेब्रुवारी २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातील संबंधित तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. तोवर प्रवेश घेतलेल्या मुलांची सोय अन्य विद्यापीठांशी संलग्नता देऊन करावी, असे न्यायालयाला सांगावे लागले.

आपल्या भागातील पालकाने काय करावे

दादरा व नगर हवेली हा महाराष्ट्र व गुजरात यांच्या मधला मुलूख. २०२० पासून तो दमण व दीवसह एकच केंद्रशासित प्रदेश आहे. येथील काही महाविद्यालये पुण्याच्या, तर काही सुरतेच्या विद्यापीठाशी संलग्न राहिली आहेत. २०१९ मध्ये सिल्वासा येथे वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. तरीही पुष्कळ मुलांना सीमा ओलांडावी लागते. सीमेपलीकडे गेल्यावर शुल्क ठरविणारी यंत्रणा बदलते, आणि राज्याच्या अधिवासावर अवलंबून असलेल्या जागा व सवलती घरी मराठी बोलणाऱ्या आपल्या मुलालाही सहसा मिळत नाहीत. मध्यस्थाला गिऱ्हाईक मिळते ते नेमके येथे.

म्हणून पैसे देण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, पदवी कोण देणार? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला किंवा संसदेने तसा खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच असतो. आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करीत असतो, ती पाहावी. जानेवारी २०२२ मध्ये आयोगाने असेही बजावले आहे की, इंटरनेटवरून शिकविणाऱ्या कंपन्यांना विद्यापीठांनी पदवी अभ्यासक्रमांची ‘फ्रँचाइझी’ देणे मान्य नाही. दुसरी, त्या अभ्यासक्रमाला चालू वर्षाची मान्यता आहे काय? इमारतीची मान्यता व अभ्यासक्रमाची मान्यता या निराळ्या बाबी आहेत. तिसरी, प्राधिकरणाने ठरविलेले शुल्क व मागितलेले शुल्क यांत अंतर आहे काय? असल्यास लेखी खुलासा मागावा, आणि पावतीविना एक रुपयाही देऊ नये. चौथी, मूळ प्रमाणपत्रे संस्थेच्या ताब्यात देऊ नयेत. ती तपासून परत करावीत, असे आयोगाने २०१८ मध्येच सांगितले आहे. मूळ कागद अडकले की विद्यार्थीही अडकतो आणि नको असलेल्या महाविद्यालयातून त्याला बाहेर पडता येत नाही.

खाजगी संस्था म्हणजे वाईट आणि शासकीय म्हणजे चांगली, असे येथे सुचवावयाचे नाही. फर्ग्युसन व रयत यांच्या जन्माच्या वेळी शासन त्यांच्या मागे उभे नव्हते. शुल्क घेणे हा गुन्हा नव्हे, शिल्लक राखणे हाही नव्हे. विद्यार्थ्याने दिलेला पैसा पुन्हा विद्यार्थ्याच्याच कामी आला की नाही, एवढेच पाहावयाचे आहे. प्राधिकरणे व न्यायालये ते कधी ना कधी पाहतील. परंतु त्यांचा निर्णय येईपर्यंत मुलाची तीन-चार वर्षे निघून गेलेली असतात. ती वर्षे वाचविण्याचे काम प्रवेशाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या पालकाला आणि त्याला सल्ला देणाऱ्या शाळेतील शिक्षकालाच करावे लागते.